इंजिन बदललेली जीप खानदेशच्या उन्हात थंड कशी ठेवायची, तेही कमी पैशांत

जुन्या पेट्रोल जीपमध्ये डीआय (डायरेक्ट इंजेक्शन, म्हणजे डिझेल थेट सिलिंडरात फवारणारं) डिझेल इंजिन डिसेंबरात बसवलं तर होळीपर्यंत सगळं गोड वाटतं. होळी पेटली की तापमानाचा काटा हलायला लागतो. माझी जीप पहिल्याच आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), बहिणीला माहेरी आणायला निघालो तेव्हा, चाळीसगावहून कन्नड घाट चढताना तिसऱ्या-चौथ्या वळणावर तापली आणि रेडिएटरच्या झाकणातून पाणी फेकायला लागली. घरी आल्यावर मी पहिली चूक केली ती म्हणजे मोठा रेडिएटर घेतला. अकरा हजार गेले आणि पुढच्या आठवड्यात त्याच घाटात पुन्हा पाणी उकळलं. एका म्हाताऱ्या मिस्तरींनी बॉनेट उघडलं, पाच मिनिटं नुसतं बघत राहिले आणि म्हणाले, "भाऊ, आधी देख, हवा कोठे जास."

पुढचं सगळं त्या एका वाक्यातून आलेलं आहे. रेडिएटर सगळ्यात शेवटी बदलायचा. आधी हवेचा रस्ता, मग पाण्याचा रस्ता, मग झाकण आणि थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापल्यावरच रेडिएटरकडचा रस्ता उघडणारी झडप). या क्रमाने गेलात तर बऱ्याचदा दोन-तीन हजारांतच काम भागतं.

आपल्या उन्हाचा हिशोब

रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो, हे आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. बाहेर ३० अंश आणि पाणी ९० अंश असेल तर फरक ६० चा. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ वर गेला की तोच फरक ४५ वर येतो, म्हणजे तोच रेडिएटर एक चतुर्थांश कमी काम करतो. उलट बाजूने बघा: ३० अंशांच्या हवेत चढावर ९० वर थांबणारं पाणी ४५ अंशांत तेवढ्याच ओझ्याला १०५ वर जाऊन थांबेल. डांबरावरची हवा तर हवामान खात्याच्या आकड्यापेक्षाही गरम असते. म्हणून पुण्याच्या मित्राची गाडी त्याच इंजिनवर नीट चालते, हा पुरावा आपल्याकडे चालत नाही.

आधी ठरवा, गाडी कधी तापते

पाना हातात घेण्याआधी आठवडाभर नुसतं लक्ष ठेवा.

रेल्वे फाटकावर, बाजारात, उभ्या गाडीत काटा वर जातो आणि गाडी पळायला लागली की खाली येतो, तर दोष हवेचा आहे. पंखा, काऊल (रेडिएटर आणि पंखा यांच्यामधलं पत्र्याचं आवरण), फटी तिथे बघा. उलट गावात ठीक आणि महामार्गावर ७०-८० च्या वेगात तापते, तर पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर आतून बुजलाय. खालचा होज पाईप चपटा होत असेल तरी हेच लक्षण दिसतं. घाटातच तापत असेल तर दोन्हीकडे थोडं थोडं कमी पडतंय. आणि सुरू केल्यावर पाच मिनिटांत काटा झटकन वर जातो, मध्येच खाली येतो, पुन्हा वर जातो, तर आत हवा अडकली आहे. हवा काढूनही तसंच होत असेल तर हेड गॅसकेट (इंजिनाचं डोकं म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) तपासा. झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले आणि रेस वाढवल्यावर वाढले, तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतोय. मग या लेखातलं काहीही करून उपयोग नाही, आधी हेड उतरवावं लागेल.

काट्यावर विश्वास ठेवण्याआधी

इंजिन बदललेल्या गाडीत एक गोष्ट जवळजवळ नेहमी चुकलेली असते. सेन्सर नव्या इंजिनाचा आणि मीटर जुन्या डॅशबोर्डचा. दोघांचा रोध जुळत नाही, म्हणून काटा काहीही दाखवतो. माझा काटा अर्ध्यावर असताना पाणी खरं तर १०० च्या पुढे होतं.

टेम्परेचर गन घ्या. लांबून तापमान मोजणारी साधी गन हजाराच्या आसपास मिळते, आणि या सगळ्या कामात तेवढी एकच वस्तू मी आधी विकत घ्या म्हणेन. पण ती चकचकीत पितळेवर किंवा ॲल्युमिनियमवर धरली तर कमी आकडा दाखवते. म्हणून रेडिएटरच्या वरच्या टाकीवर, खालच्या टाकीवर आणि थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या इन्सुलेशन टेपचा रुपयाएवढा तुकडा चिकटवा आणि नेहमी त्याच तुकड्यावर गन धरा. जवळून धरा, नाहीतर ती शेजारच्या गोष्टीचंही तापमान मिसळून सांगते.

गाडी तापलेली असताना वरची आणि खालची टाकी मोजा. दोन्ही जवळजवळ सारख्याच गरम असतील तर पाणी फिरतंय, पण हवा उष्णता नेत नाही. वरची खूप गरम आणि खालची वीस-पंचवीस अंशांनी थंड असेल तर पाणी फार हळू फिरतंय. जाळीवरून गन आडवी फिरवा. मध्येच एखादा पट्टा थंड लागला तर तिथल्या नळ्या बुजलेल्या आहेत.

हवेचा रस्ता

इथे वेळ घालवा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो.

वर्तमानपत्राचं एक पान घ्या. इंजिन गरम करून स्लो वर ठेवा आणि ते पान रेडिएटरच्या पुढच्या बाजूला जाळीवर टेकवा. कोपऱ्यांत, वर, खाली, सगळीकडे फिरवा. पान जिथे स्वतःहून चिकटून राहतं तिथून हवा ओढली जातेय. माझ्या जीपमध्ये पान फक्त मधल्या, ताटाएवढ्या गोलात चिकटलं. चारही कोपऱ्यांत सुटून खाली पडलं. म्हणजे अकरा हजारांच्या रेडिएटरचा निम्म्याहून जास्त भाग उभ्या गाडीत काहीच करत नव्हता.

कारण साधं आहे. नवं इंजिन फौंडेशनवर बसवताना थोडं मागे आणि थोडं खाली जातं. पंखा रेडिएटरपासून चार-पाच इंच लांब पडतो, मधोमध येत नाही, आणि जुना काऊल बसत नाही म्हणून काढून फेकलेला असतो. काऊल नसलेला पंखा समोरची हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची, इंजिनाचीच गरम हवा घुसळत बसतो.

काऊल घरी बनवता येतो. आधी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन साचा कापा. रेडिएटरच्या पूर्ण जाळीला झाकेल अशी चौकट आणि तिच्यात पंख्याच्या जागी गोल भोक. भोक रेडिएटरच्या मधोमध येणार नाही, पंखा जिथे आहे तिथे येईल. त्यात वाईट काही नाही. पंख्याच्या पात्याच्या टोकापासून भोकाच्या कडेपर्यंत साधारण २० मिलिमीटर जागा सोडा. इंजिन रबरावर डुलतं, गिअर टाकताना आणि खड्ड्यात हलतं. जागा कमी सोडली तर पातं पत्र्याला घासतं, जास्त सोडली तर काऊलचा उपयोग जातो. खोली अशी ठेवा की पात्याची रुंदी अर्धी काऊलच्या आत आणि अर्धी बाहेर राहील. पुठ्ठा बसवून इंजिन हाताने दोन्हीकडे ढकलून बघा, मग तो साचा पत्रेवाल्याकडे न्या. २४ गेजचा जीआय पत्रा पुरतो. मला पत्रा, मजुरी आणि नटबोल्ट धरून नऊशे रुपये लागले. कडा दुमडून घ्यायला सांगा, नाहीतर पत्रा थरथरतो आणि महिन्याभरात चिरतो.

एक बारीक गोष्ट. महामार्गावर समोरून येणाऱ्या हवेला पंख्याच्या भोकापेक्षा जास्त वाट हवी असते, आणि पूर्ण बंद काऊल ती अडवतो. त्यासाठी काऊलच्या कोपऱ्यांत तीन-चार चौकोनी खिडक्या कापून घ्या आणि त्यांवर मागच्या बाजूने, फक्त वरच्या कडेला पकडलेल्या, ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या झडपा लावा. गाडी उभी असताना पंख्याच्या ओढीने झडपा मिटतात, वेगात हवेच्या दाबाने उघडतात.

मग फटी. रेडिएटरच्या बाजूंना, वर बॉनेटपर्यंत, खाली चेसिसपर्यंत जिथे हात जातो तिथून हवाही जाते. समोरून आलेली हवा जाळीतून जाण्यापेक्षा फटीतून पळते. त्याहून वाईट म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाकडची गरम हवा त्याच फटीतून पुढे येऊन पुन्हा रेडिएटरमध्ये शिरते. त्याच जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून, वॉशर लावून सगळ्या फटी बंद करा. हे काम एका दुपारचं आहे आणि खर्च जवळजवळ शून्य.

पंख्याची बाजू तपासा. इंजिनवर बसलेला पंखा उलटा लावला तरी हवा त्याच दिशेने जाते, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण पात्याचा बाक उलटा पडतो आणि हवा बरीच कमी ओढली जाते. पात्याची खोलगट बाजू इंजिनाकडे हवी. बेल्टही बघा: दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबला तर १०-१२ मिलिमीटर दबला पाहिजे. जास्त सैल असेल तर पंखा आणि वॉटर पंप दोन्ही मागे पडतात.

आपल्याकडे जाळीत काय काय अडकतं तेही बघा. कपाशीच्या दिवसांत जिनिंगच्या रस्त्याने गेलात की जाळीवर कापसाची बारीक लव बसते, तिच्यावर काळ्या मातीची धूळ, तिच्यावर किडे. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, आत नमद्यासारखा थर असतो. साध्या नळाच्या पाण्याने, इंजिनाच्या बाजूने पुढे, अशी उलटी धुवा. सर्व्हिसिंगच्या जोरदार गनने धुऊ नका, पाकळ्या आडव्या होतात आणि मग हवा कायमची बंद. आडव्या झालेल्या पाकळ्या जुन्या टूथब्रशने आणि चपट्या टोकाने सरळ करा. समोरचे मोठे दिवे, हॉर्न, जाहिरातीची पाटी, जे जाळीसमोर लावलं असेल ते खाली किंवा बाजूला हलवा. बॉनेट मागून वॉशर लावून उचलण्याची युक्ती बरेच जण सांगतात. उभ्या गाडीत थोडा उपयोग होतो, पण वेगात काचेखाली हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे हवा आत शिरते आणि गरम हवेला बाहेर पडू देत नाही. मी ती करत नाही.

पाण्याचा रस्ता

बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालणं बंद करा. आपल्या भागात कित्येक बोअरचं पाणी इतकं जड आहे की चहाच्या पातेल्याला पांढरी पुटं चढतात. तीच पुटं इंजिनाच्या आत, हेडच्या सगळ्यात गरम जागी चढतात आणि उष्णता पाण्यात येऊच देत नाहीत. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी वापरा, किंवा चांगल्या आरओ यंत्राचं.

आधी आतली जुनी पुटं काढावी लागतील. तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर लिंबूसत्त्व चालतं. दहा लिटर पाण्याला साधारण ४०० ते ५०० ग्रॅम. थर्मोस्टॅट तेवढ्यापुरता काढून, इंजिन गरम होईपर्यंत चालवा, अर्धा तास ठेवा, थंड होऊ द्या आणि काढून टाका. निघणारं पाणी चहासारखं तांबूस असेल. स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुवा, शेवटच्या आधीच्या फेरीत मूठभर खाण्याचा सोडा घाला म्हणजे आम्ल उरणार नाही. फरशी धुवायचं ॲसिड चुकूनही घालू नका, ते सोल्डर आणि धातू दोन्ही खातं. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला लिंबूसत्त्वही कमी प्रमाणात आणि कमी वेळ.

इतकं करूनही जाळीत थंड पट्टे राहिले तर रेडिएटर कारागिराकडे नेऊन टाकी उघडून रॉडिंग करून घ्या. कारागीर वरची टाकी सोल्डर वितळवून काढतो आणि प्रत्येक नळीतून पट्टी फिरवतो. नवीन कोअरपेक्षा (नळ्यांच्या अख्ख्या जाळीपेक्षा) याला खूप कमी पैसे लागतात. टाकी पुन्हा जोडल्यावर हौदात बुडवून हवेच्या दाबावर गळती तपासायला तुमच्या डोळ्यांसमोर सांगा.

होज पाईप हा इंजिन बदललेल्या गाडीचा कायमचा त्रास आहे, कारण दोन गाड्यांची तोंडं जुळत नाहीत. एक मीटर जाड तार घ्या, इंजिनाच्या तोंडापासून रेडिएटरच्या तोंडापर्यंत हवा तशी वाकवा आणि ती वाकवलेली तारच घेऊन स्पेअर पार्टच्या दुकानात जा. तिथे कुठल्या ना कुठल्या ट्रकचा किंवा ट्रॅक्टरचा पाईप त्या आकाराचा टांगलेला असतो. तो कापून वापरा. मध्ये लोखंडी नळी जोडायची असेल तर तिच्या टोकांना वेल्डिंगचा बारीक कडा उठवून घ्या, नाहीतर गरम झाल्यावर पाईप सुटून येतो. खालचा पाईप पंपाच्या ओढीने चपटा होतो. रेस वाढवून त्याच्याकडे बघा. चपटा होत असेल तर आत स्प्रिंग असलेला पाईप घ्या.

हवा अडकणं हा दुसरा त्रास. जीपचा रेडिएटर बुटका, डीआय इंजिनाचं थर्मोस्टॅटचं घर त्याच्याहून उंच. मग सगळी हवा इंजिनाच्या डोक्यात साठते, आणि सेन्सर हवेत लटकत असल्यामुळे काटा खोटं बोलतो. पाणी भरताना गाडी पाटाच्या भरावासारख्या चढावर, तोंड वर करून लावा. वरच्या होजच्या सगळ्यात उंच जागी टी जोडून त्याला भरण्याचं झाकण बसवलं तर हा प्रश्न कायमचा सुटतो. झाकण उघडं ठेवून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवा, पाण्याची पातळी एकदम खाली जाईल, तेव्हा पुन्हा भरा.

थर्मोस्टॅट काढू नका

प्रत्येक गॅरेजमध्ये पहिला सल्ला हाच मिळतो. बायपास असलेल्या बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपास बंदही करतो. तो काढला की बरंच गरम पाणी रेडिएटरला न जाता बायपासमधून परत इंजिनात फिरत राहतं, म्हणजे गाडी थंड व्हायच्या ऐवजी चढावर जास्त तापते. थंडीत इंजिन नीट गरमच होत नाही, धूर वाढतो, आतली झीज वाढते.

त्याऐवजी तपासा. थर्मोस्टॅटवर उघडण्याचं तापमान कोरलेलं असतं, बऱ्याचदा ८२. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने मध्ये टांगा, बुडाला टेकू देऊ नका, आणि पाणी तापवत थर्मामीटर धरा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास तोंड किलकिलं झालं पाहिजे आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडलं पाहिजे. नाही उघडलं तर नवा घ्या. कडेच्या पट्टीवर भोक नसेल तर ३ मिलिमीटरचं एक पाडा आणि ते भोक वर येईल असं बसवा, अडकलेली हवा तिथून निघते. इंजिन बसवताना बायपासचं तोंड कोणी बंद केलं असेल तर ते उघडून पाईप जोडा. बंद बायपासमुळे थर्मोस्टॅटला गरम पाणी लागतच नाही आणि तो उशिरा उघडतो.

झाकण आणि कूलंट

साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं. ०.५ बारच्या झाकणाखाली साधारण १११ ला, ०.९ बारच्या झाकणाखाली साधारण ११९ ला. म्हणजे थकलेलं झाकण बदललं की काही अंशांची सवड मिळते, तीही शे-दोनशे रुपयांत. पण जुन्या जीपचा मूळ रेडिएटर कमी दाबासाठी बनलेला असतो, त्याला थेट ०.९ चं झाकण लावलं तर सांधे फुटतात. आधी कारागिराला विचारून, दाबावर तपासून मगच वाढवा.

कूलंट कंपनी निम्मं-निम्मं सांगते, ते प्रामुख्याने बर्फापासून वाचवायला. आपल्याकडे पाणी गोठत नाही. नुसतं पाणी उष्णता जास्त वाहून नेतं, पण गंज धरतं. मी तीस टक्के कूलंट आणि सत्तर टक्के डिस्टिल्ड पाणी वापरतो. गंज थांबतो, उकळण्याचा अंकही थोडा वर जातो, पैसेही वाचतात. उतू गेलेलं पाणी परत ओढून घेणारी बाटली नसेल तर भंगारातून आणून जोडा.

विजेचा पंखा, गरज पडलीच तर

एवढं करूनही उभ्या गाडीत काटा चढत असेल तरच. भंगारातला छोट्या कारचा पंखा चालतो, पण रिले (मोठा प्रवाह जोडणारा विजेचा स्विच), ४ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीजवळ फ्यूज आणि चांगली अर्थिंग यांशिवाय लावू नका, नाहीतर वायरिंग पेटते. वायर उलटी जोडली तर हा पंखा खरोखर उलटी हवा फेकतो. वर्तमानपत्राचं पान लावून बघा. जुना अल्टरनेटर पुरतो का, हे रात्री दिवे लावून बॅटरीवर मीटर धरून तपासा. चालू इंजिनात १३.५ व्होल्टच्या खाली जात असेल तर पुरत नाही.

घाटात चाचणी

मे महिन्याची वाट बघू नका. फेब्रुवारीत, दुपारी, भरलेल्या गाडीने घाट चढा. धुळ्याकडच्यांना लळिंगचा चढ आहे, नंदुरबार-साक्रीकडच्यांना कोंडाईबारी, जळगावकरांना अजिंठ्याचा घाट. माथ्यावर इंजिन चालू ठेवून लगेच वरच्या टाकीवरची टेप मोजा आणि त्यातून बाहेरच्या हवेचं तापमान वजा करा. हवा ३२, टाकी ९७, तर फरक ६५. थर्मोस्टॅट पूर्ण उघडलेला असेल, म्हणजे आकडा साधारण ९५ च्या वर असेल, तर तेवढ्याच ओझ्याला हा फरक ऋतू बदलला तरी जवळपास तसाच राहतो. मे महिन्यातले ४५ त्यात मिळवा: ११०. ०.५ बारच्या झाकणाखाली ही गाडी उकळायच्या तोंडावर आहे, हे तुम्हाला फेब्रुवारीतच कळलं. आता फटी बंद करा, काऊल लावा, पुन्हा चढा आणि फरक किती उतरला ते वहीत लिहा. माझा ६५ वरून ५२ वर आला. तो रेडिएटर मी बदलला नसता तरी चाललं असतं.

रस्त्यात तापलीच तर लगेच इंजिन बंद करू नका. सावलीत थांबा, न्यूट्रल करून रेस थोडी वर ठेवा, हीटर असेल तर पूर्ण उघडा. पाणी बाहेर पडून गेलं असेल किंवा बेल्ट तुटला असेल तरच ताबडतोब बंद करा. गरम झाकणाला हात लावू नका आणि तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नका, हेड चिरतो.

कागदांचं एक राहिलं. इंजिन बदलण्यासाठी मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली आरटीओची मंजुरी लागते आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवावा लागतो. विमा कंपनीलाही कळवा. आणि या सगळ्या कामानंतर पाचशे किलोमीटर चालवून झाले की थंड इंजिनवर प्रत्येक होजची क्लिप पुन्हा एकदा आवळा, पहिल्या तापण्या-निवण्यात त्या सैल होतात.